चंद्राचे खळे आणि विचाराची मळणी

माघ शुद्ध त्रयोदशीची ती रात्र. थाटीपुरातील आमच्या मंदिरात सायंकाळची आरती आटोपली होती. तीर्थप्रसाद घेऊन मंडळी नित्याप्रमाणे अंगणात दोन घटका बोलत उभी होती. इतक्यात एका मुलाने वर बोट करून सर्वांस हाक मारली. पाहतो तो चंद्राभोवती एक भले मोठे, फिकट पण रेखीव कडे उमटलेले! चंद्र मधोमध, त्याच्या लगतचे आकाश काळसर, आणि त्यापलीकडे वीतभर अंतरावर ते शुभ्र वर्तुळ. सर्वांनी माना वर केल्या आणि ज्याच्या त्याच्या मुखातून निराळा उद्गार निघाला. मुरारकडे थोडी शेती असलेले एक गृहस्थ म्हणाले, "मावठा येणार. गव्हाला बरा." एक बाई चिंतातुर होऊन म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे साखरपुडा, आणि आजच हे काय दिसावं!" महाविद्यालयात शिकणारा एक तरुण किंचित हसून उत्तरला, "काही नाही हो काकू, वर बर्फाचे कण आहेत, इतकंच."

सभामंडपाच्या खांबाशी एक वृद्ध आजी उभ्या होत्या. त्यांनी मात्र वर पाहिले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "आम्ही या घरचं माप ओलांडलं, त्या रात्री असंच खळं होतं म्हणे."

अंगणातील बोलणे एकदम थांबले. आजींची हकीकत जुन्या मंडळींस ठाऊक आहे, आणि त्यांच्या अनुमतीनेच ती आम्ही येथे लिहीत आहोत. साठ वर्षांपूर्वी त्या नववधू म्हणून घरात आल्या, आणि तीन महिन्यांच्या आत त्यांचे सासरे तापाने गेले. कोणाला तरी लग्नानंतरच्या त्या रात्रीचे खळे आठवले; कोणीतरी त्या खळ्याचा आणि माप ओलांडणाऱ्या पावलांचा संबंध जोडला; आणि त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला 'पांढऱ्या पायाची' हा शब्द कायमचा चिकटला. पुढे कितीतरी वर्षे घरातील कोणत्याही मंगलकार्यात त्यांना पुढे होऊ दिले गेले नाही. स्वयंपाक त्यांनी करावयाचा, ओटी मात्र दुसरीने भरावयाची.

तेव्हा त्या रात्री अंगणात उभा राहिलेला प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. चंद्राला खळे पडते म्हणजे नेमके काय होते? ते कोणाचे? चंद्राचे, आकाशाचे, की खाली उभ्या असलेल्या एखाद्या माणसाचे? आणि त्याचे कारण कळल्यावर आपल्या श्रद्धेचे आणि आचरणाचे काय होते? या प्रश्नांचा विचार सभासद बंधुभगिनींसमवेत करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खळे हा शब्दच मोठा बोलका आहे. शेतातील खळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस आकाशातील वर्तुळाला हे नाव का पडले ते सांगावयास नको. जमीन चोपून, सारवून गोल अंगण करावयाचे. मधोमध तिवडा रोवावयाचा. त्याला बैल बांधावयाचे. आणि बैलांनी तिवड्याभोवती फिरत कणसे तुडवावयाची. आकाशात चंद्र हा तिवडा आणि भोवतालचे कडे ही बैलांची वाट. संस्कृत ग्रंथकार यालाच परिवेष म्हणतात. परंतु आपल्या शेतकरी पूर्वजांनी आपल्याच अंगणातील नाव आकाशास दिले, हे आम्हांस अधिक गोड वाटते. खळ्याचे काम काय? दाणा आणि भूस वेगळे करणे. आजींच्या त्या एका वाक्याने आमच्यापुढे जे पडले, त्याचीही अशीच मळणी आणि उफणणी करावी लागणार आहे.

प्रथम कारण पाहू. ग्वाल्हेरीच्या ज्येष्ठातील दुपारी जमिनीवर ४५ अंशांची काहिली असते. तथापि त्याच वेळी आपल्या डोक्यावर आठ-दहा किलोमीटर उंचीवर कडाक्याची थंडी असते. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरमागे सुमारे ६ अंशांनी उतरत जाते. म्हणून जमिनीपासून सहा ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात जे अगदी पातळ, मलमलीच्या पदरासारखे मेघ पसरतात, त्यांत पाण्याचे थेंब नसून बर्फाचे सूक्ष्म स्फटिक असतात. हे स्फटिक षट्कोनी असतात. मधमाशांच्या पोळ्यातील घराला जशा सहा बाजू, तशा त्यांना असतात. काही चपट्या चकतीसारखे, तर काही पेन्सिलीच्या तुकड्यासारखे.

चंद्राचा किरण अशा स्फटिकाच्या एका बाजूतून आत शिरतो आणि मधली एक बाजू सोडून तिसरीतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो, म्हणून तो इवलासा स्फटिक शाळेतील प्रयोगशाळेत असलेल्या काचेच्या लोलकासारखे काम करतो. आत शिरताना आणि बाहेर पडताना किरणाचे वक्रीभवन होते. तो आपल्या मूळ वाटेपासून वळतो. किती वळतो? निदान २२ अंश. याहून कमी वळणे त्यास शक्यच नाही; अधिक वळणारे किरण असतात, पण ते विखुरतात. सर्वांत अधिक किरण २२ अंशांच्या आसपासच दाटी करतात. त्यामुळे चंद्रापासून २२ अंशांवर उजळ वर्तुळ उमटते आणि त्याच्या आत आकाश काळसर दिसते. तांबडा रंग इतर रंगांहून किंचित कमी वळतो, म्हणून नीट पाहिल्यास वर्तुळाची आतली कड तांबूस भासते. सतराव्या शतकात फ्रान्समधील एदम मारिओत या शास्त्रज्ञाने बर्फाच्या स्फटिकातील ६० अंशांचा कोन आणि खळ्याचे २२ अंश यांचा मेळ घालून दाखविला. आजचे स्पष्टीकरणही मुळात तेच आहे. सूर्यालाही याच कारणाने खळे पडते.

हे मोजावयास यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करून पंजा ताणला, म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत आकाशात सुमारे वीस-बावीस अंश व्यापते. अंगठा चंद्रावर धरला तर करंगळी खळ्यावर टेकते. आपले पूर्वज खळे वीतभर अंतरावर पडले असे म्हणत, त्यात भोळेपणा नव्हता. त्यांच्या हाताचे मोजमाप अचूक होते. चंद्र स्वतः केवळ अर्ध्या अंशाचा. म्हणजे या खळ्याच्या व्यासावर सुमारे ८८ चंद्र ओळीने मांडता येतील.

जुन्या माणसांचा दुसरा एक आडाखाही विचारात घेण्याजोगा आहे. खळे जवळ तर पाऊस लांब, आणि खळे लांब तर पाऊस जवळ, असे ते सांगत. आजचे शास्त्र सांगते की ही दोन खळी मुळात दोन निरनिराळ्या जातींची आहेत. चंद्राला अगदी खेटून जे लहानसे तेजोमंडल दिसते, ते बर्फाने होत नाही. खालच्या मेघांतील पाण्याच्या बारीक थेंबांपाशी प्रकाशाचे विवर्तन होऊन ते उमटते, आणि त्याची तांबूस कड बाहेरच्या बाजूस असते. असे थेंबांचे पातळ मेघ पुष्कळदा येतात आणि न बरसता निघून जातात. लांबचे खळे मात्र उंचावरील बर्फाच्या पडद्याचे असते. आपल्याकडे पौष-माघात भूमध्य समुद्राच्या बाजूने जे वादळी पट्टे येतात, ज्यांस वृत्तपत्रे पश्चिमी विक्षोभ म्हणतात, त्यांच्या आघाडीवर पुष्कळदा हाच पडदा असतो. प्रथम उंच पडदा, मग दाट मेघ, आणि एक-दोन दिवसांत मावठा, असा तो क्रम. प्रत्येक वेळी पाऊस येतोच असे नाही. परंतु खळ्याकडे पाहून गव्हा-हरभऱ्याची चिंता करणारा शेतकरी व्यर्थ बडबड करीत नव्हता. पिढ्यान् पिढ्या त्याने आकाश पाहिले आणि जे वारंवार घडले ते ध्यानात ठेवले. हा खळ्यातील दाणा होय.

आता भूस कोठून आले ते पाहू, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. ज्या उज्जैनीहून दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये आपली राजधानी ग्वाल्हेरीस आणली, आणि ज्यांच्या छावणीमुळे शहराच्या एका भागास लष्कर हे नाव कायमचे मिळाले, त्या उज्जैनीच्या अवंती भूमीत इसवी सनाच्या सहाव्या शतकात आचार्य वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत परिवेषावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या आरंभी आचार्य कारण सांगतात. त्याचा आशय असा की, आकाशात पातळ अभ्र असताना सूर्याचे अथवा चंद्राचे किरण वाऱ्याने एकवटून मंडलाकार होतात आणि नाना रंगांचे व आकारांचे दिसतात. बर्फाचे स्फटिक ठाऊक असण्याचा तो काळ नव्हे. तरीही तीन गोष्टी त्यांनी बरोबर पकडल्या. प्रकाश चंद्राचाच, अभ्र पातळ, आणि घटना आपल्या वातावरणातील. चौदाशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या बुद्धीस आम्ही वंदन करतो.

परंतु त्याच अध्यायात पुढे फले येतात. अमुक रंगाचे खळे पडले तर पाऊस, अमुक प्रकारचे पडले तर राजाला भय, अमुक प्रकारचे तर सैन्याचा नाश. पावसाची फले निरीक्षणातून आलेली असू शकतात. राजाच्या भयाची तशी नाहीत. एकाच पानावर दाणा आणि भूस शेजारी शेजारी आले. ग्रंथ राजासाठी होता, म्हणून भयही राजाचेच होते. पुढे राजे गेले, ग्रंथ सर्वसामान्यांच्या ऐकीव ज्ञानात उतरला, आणि राजाचे भय घरच्या सुनेच्या माथी आले. आचार्यांनी सुनेचे नाव कोठे घेतले होते? ते आम्ही घातले.

येथे मुख्य प्रश्न येतो. खळे कोणाचे? ते चंद्राला पडते असे आपण म्हणतो. पण हिशेब करून पाहा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. खळे खरोखरच तेथे, त्याच्या भोवती असते, तर त्याचा व्यास तीन लाख किलोमीटरांहून अधिक भरला असता. पृथ्वीसारखे चोवीस गोल त्यात एका रांगेत बसले असते. वस्तुतः खळे घडते ते आठ-दहा किलोमीटरांवर, म्हणजे थाटीपुरहून शहर ओलांडून पलीकडे जावे इतक्याच अंतरावर. चंद्राला त्याची वार्ताही नसते. खळे आपल्या आकाशाचे, आणि त्याचे नाव मात्र चंद्रावर.

यापुढची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. आपल्या डोळ्यापासून चंद्राकडे एक सरळ रेषा ओढली, तर तिच्यापासून २२ अंशांवर जे जे स्फटिक असतील, तेच आपल्याकडे प्रकाश पाठवितात. दहा पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचा डोळा दुसऱ्या जागी आहे. म्हणून त्याच्याकडे प्रकाश पाठविणारे स्फटिकही दुसरे. दोघेही एकच चंद्र पाहतात, परंतु काटेकोरपणे बोलावयाचे तर दोघांचे खळे एक नसते. ज्याचे त्याचे खळे ज्याच्या त्याच्या डोळ्यासाठी असते. शिवाय ते स्फटिक हळूहळू खाली उतरत असतात. आता जे प्रकाश देत आहेत ते क्षणाने देणार नाहीत, त्यांची जागा दुसरे घेतील. कण बदलतात, वर्तुळ तसेच दिसते.

वेदान्ताची प्रवचने ऐकणाऱ्या आपल्या वाचकांस येथे स्फटिक आणि जास्वंद यांचा जुना दृष्टांत आठवेल. स्वच्छ स्फटिकाजवळ तांबडे फूल ठेवले की स्फटिकच तांबडा भासतो. तांबडेपणा फुलाचा, आरोप स्फटिकावर. शास्त्रकार यास उपाधी म्हणतात. चंद्राचे खळे हा त्याच जातीचा प्रकार आहे, आणि येथे तर स्फटिकही खरेखुरे आहेत. मात्र एक सावधगिरी राखली पाहिजे. खळे म्हणजे दोरीवर भासलेला साप नव्हे. साप मुळात नसतोच. खळ्याचा प्रकाश खरा, स्फटिक खरे, २२ अंशांचा नियमही खरा. चूक होते ती पत्त्याची. जे आपल्या आकाशात, आपल्या डोळ्यासाठी घडले, ते आपण प्रथम चंद्राच्या नावावर टाकतो आणि नंतर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या.

येथे कोणी भाविक दोन आक्षेप घेतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, कारण कळले म्हणून घटना ईश्वरी संकेत नाही असे कसे ठरते? ईश्वर बर्फाच्या कणांकडूनही संकेत देऊ शकेल. आम्ही ईश्वराच्या सामर्थ्यास मर्यादा घालीत नाही. परंतु संकेत असेल तर तो कोणासाठी, हे तरी विचारावे. मेघांचा हा पडदा शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. एकाच रात्री भिंडपासून शिवपुरीपर्यंत खळे दिसू शकते. त्या रात्री त्या टापूत कित्येक मुले जन्मली असतील, कित्येक वधू घरी आल्या असतील, कित्येकांस नोकरी मिळाली असेल. लाखो लोकांच्या डोक्यावरील गोष्ट नेमका एकच उंबरठा कसा दाखविते? तो उंबरठा आकाशाने निवडलेला नसतो; आपण निवडतो. आणि आपण नेहमी ज्याला उलट बोलता येत नाही असेच माणूस निवडतो. सासऱ्यांच्या मृत्यूस वैद्य उशिरा आला हे कारण कोणी शोधले नाही. औषध काय दिले हे कोणी विचारले नाही. नव्या सुनेकडे बोट दाखविणे फार सोपे होते.

आपल्या कर्मसिद्धांताशीही हे जुळत नाही. ज्याने केले त्याने भोगावे, हा आपल्या धर्माचा पाया. एकाच्या पावलाने दुसऱ्याचे आयुष्य संपते असे म्हणणे म्हणजे तो पायाच खणून काढणे होय. हे म्हणणारे स्वतःस श्रद्धाळू समजतात, याचे आम्हांस नवल वाटते.

दुसरा आक्षेप असा की, सर्व काही मोजून मांडले तर आकाशातील मांगल्य कोठे उरेल? याचे उत्तर आपल्या किल्ल्यावरच कोरलेले आहे. ग्वाल्हेर किल्ल्याच्या वाटेवर एका अखंड खडकातून कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा यांची नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील वाटोळे शून्य पाहावयास आज जगभरातून विद्वान येतात. ज्याने तो लेख कोरविला, त्याने भक्ती केली आणि मोजमापही केले. माळा पन्नास आहेत हे लिहिल्याने देवास वाहिलेल्या फुलांचा सुगंध उणा झाला नाही. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी उज्जैनीची सवाई जयसिंगांची जुनी वेधशाळा दुरुस्त करविली, तीही याच परंपरेस धरून. आपण दर संकष्टीस चंद्रोदयाची वेळ मिनिटापर्यंत पाहतो, आणि मग अर्घ्य देतो. गणिताने चंद्रोदय सांगितला म्हणून आपला उपवास खोटा ठरत नाही. मग गणिताने खळे सांगितल्याने चंद्राचे काय बिघडणार आहे? आम्हांस तर वाटते की, ज्येष्ठाच्या उन्हाळ्यातही आपल्या डोक्यावर बर्फाचे कोट्यवधी स्फटिक तरंगत असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा कोन एकाच नियमाने बांधलेला असतो, हे कळल्यावर हात अधिकच जोडले जावेत.

चंद्राच्या संबंधात आपल्या पुराणपरंपरेने एक कथा जपून ठेवली आहे. ती आपण दर भाद्रपदात ऐकतो. पण तिचा अर्थ आपण पुरता घेतला आहे असे वाटत नाही. चतुर्थीचा चंद्र पाहिल्याने प्रत्यक्ष श्रीकृष्णावर आळ आला, ही ती स्यमंतक मण्याची कथा. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन मृगयेस गेला तो परतला नाही. आणि द्वारकेत कुजबूज सुरू झाली की मण्याच्या लोभाने कृष्णानेच त्यास मारिले. त्यावर कृष्णाने काय केले? चंद्रास दोष दिला नाही. दुसऱ्या कोणावर आळ ढकलला नाही. शांतिकर्म करून स्वस्थही बसला नाही. नगरातील लोकांस बरोबर घेऊन तो अरण्यात गेला. प्रसेनाचे प्रेत सापडले. तेथून सिंहाचा माग काढला. सिंह मेलेला आढळला. पुढे माग जांबवंताच्या गुहेत गेला. मणी आणून त्याने भर सभेत सत्राजितास परत दिला आणि काय घडले ते सांगितले. मिथ्या आळ धुऊन काढावयाचा तर कारणाचा माग काढावा लागतो, आणि तोही लोकांना साक्षी ठेवून, असे ही कथा शिकविते. भगवंतास आपला आळ स्वतः दूर करता आला. आमच्या आजींसाठी माग काढावयास त्या घरातून कोणीही निघाले नाही.

हे लिहिताना जुन्या पिढीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ज्या काळी साधा तापही घरातील माणूस घेऊन जात असे आणि कारण कोणाला कळत नसे, त्या काळी दुःखी मनाने कोठेतरी कारण शोधिले. दुःख खरे होते, शोध चुकला. आणि आम्ही शकुन-अपशकुनास हसणारे तरी निराळे कोठे आहोत? व्यापारात खोट आली, मुलगा परीक्षेत नापास झाला, घरात आजार आला, की आम्हीही प्रथम कोणाचे तरी नाव शोधतो. खळ्याचे नाव आता कोणी घेत नसेल, परंतु 'ती आली आणि हे सुरू झाले' हे वाक्य अद्याप घराघरांतून ऐकू येते.

शिकलेल्या तरुणांसही एक सांगणे आहे. "बर्फाचे कण आहेत, इतकंच" असे म्हणून हसल्याने कोणाची भीती जात नाही. ज्ञान दुसऱ्यास लहान करण्यासाठी वापरले तर तेही भूसच होय. त्या रात्री आम्ही त्या तरुणास विनंती केली की, इतकेच म्हणून थांबू नकोस, नीट समजावून सांग. मुलगा गुणी, त्याने ते केले. सर्वांस वीत धरून अंतर मोजावयास लाविले. साखरपुड्याच्या चिंतेत असलेल्या बाईंनीही हात वर केला. मग त्याने ज्याचे त्याचे खळे निराळे कसे, हे सांगितले.

आजी खांबाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "म्हणजे बाळा, तुझं खळं निराळं आणि माझं निराळं?"

"होय आजी. ज्याच्या डोळ्याला दिसलं, त्याचं ते."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या रात्री मामंजी ओटीवर उभे होते, घरचे सगळे अंगणात होते. सगळ्यांनी वर पाहिलं म्हणे. माझी मान खाली होती रे. मी मापाकडे बघत होते, ते नीट कलंडावं म्हणून. मला खळं दिसलंच नव्हतं. लोकांनी सांगितलं तेव्हा कळलं."

यावर बोलण्यासारखे कोणापाशीच काही नव्हते. साठ वर्षे जे खळे त्यांच्या नावावर होते, ते त्या रात्री अंगणातील सर्वांचे होते. एक त्यांचेच तेवढे नव्हते.

मग आजींनी पदर सावरला, खांबाचा आधार घेतला आणि सावकाश मान वर केली. कितीतरी वेळ त्या पाहत राहिल्या. "बरंच मोठं असतं की," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीचा साखरपुडा ठरल्या वेळी पार पडला. त्या बाई सकाळीच आजींच्या घरी जाऊन त्यांना आग्रहाने घेऊन आल्या, आणि होणाऱ्या सुनेची ओटी प्रथम आजींच्याच हातून भरविली. तिसऱ्या दिवशी पहाटे मुरारच्या बाजूस मावठ्याची एक सर येऊन गेली, असे शेतीवाले गृहस्थ सांगत होते.

सभासद बंधुभगिनींनो, येत्या हिवाळ्यात खळे पुन्हा दिसेल. ते दिसताच घरातील मुलांना अंगणात बोलवावे, हात लांब करून वीत धरावी, आतली तांबूस कड दिसते का ते पाहावे, दोन दिवसांत पाऊस आला की नाही याची नोंद ठेवावी. वडीलधाऱ्यांना जुने आडाखे विचारावेत आणि ते लिहून घ्यावेत. एवढा दाणा घरी न्यावा. आणि त्या रात्री घरात काही बरे-वाईट घडले, तर त्याचे कारण जमिनीवर, जेथे ते असेल तेथे शोधावे. कोणाही माणसाचे नाव आकाशाशी जोडू नये.